वाऱ्याने घेतलेली मान

दुपारी दीड वाजता आमच्या पिएत्राकाल्दाच्या चौकात एक कोरडं कारंजं असतं आणि माणूस एकही नसतो. कारंज्याला इलाज नाही, ते दगडाचं आहे. पण त्या दिवशी त्याच्या पायरीवर कोणीतरी बसलं होतं. डोक्यावर टोपी नाही, हातात रिकामी बाटली, आणि रंग... उकळत्या पाण्यातून नुकत्याच काढलेल्या खेकड्याचा.

बाहेरच्यांना वाटतं, सिसिलीत दुपारी लोक झोपतात. तसं काही नाही. सगळं गाव खिडक्यांच्या झडपांमागे उभं राहून चौकात कोण आलंय ते बघत असतं. कोणीच येत नाही, म्हणून मग झोप लागते. त्या दिवशी गावाला झोप लागली नाही.

"मरतोय का गं तो?" नुन्त्सियाता आत्याने शेजारच्या फटीतून विचारलं.

"अजून नाही, आत्या."

"कुठला आहे?"

"लाल आहे."

"म्हणजे वरचा, उत्तरेकडचा. जा फिफी, घेऊन ये त्याला आत. सणाच्या आठवड्यात अंत्ययात्रा नको. फुलं आधीच महाग झालीत."

फिफी म्हणजे मी. पूर्ण नाव क्रोचिफिस्सा, अर्थ क्रुसावर चढवलेली. हे नाव चार पिढ्या आमच्या घरात पडून होतं, कोणालातरी घ्यावंच लागणार होतं.

मी आत्याची काळी छत्री घेतली आणि चौकात गेले. सगळ्या झडपा एकदम थोड्या थोड्या करकरल्या.

"तुम्ही इथे का बसलाय?"

त्याने वर पाहिलं. डोळे निळे होते. एवढ्या लाल चेहऱ्यात निळे डोळे म्हणजे कोणीतरी चुकून दुसऱ्याचे बसवल्यासारखे.

"इथे सावली होती," तो म्हणाला.

"कधी?"

"मी बसलो तेव्हा. मग ती गेली."

"सावली निघाली की तिच्याबरोबर निघायचं असतं."

"मला वाटलं परत येईल..."

मी छत्री त्याच्या डोक्यावर धरली. "आली," मी म्हटलं. "उठा."

घरी आणून त्याला अंधाऱ्या खोलीत बसवलं, ओला टॉवेल मानेवर टाकला, लिंबू पिळलं, सोडा ओतला आणि त्यात चिमटीभर मीठ घातलं. मीठ पडलं की सोडा फसफसून वर येतो आणि त्या क्षणी प्यायला नाही तर हातावर सांडतो. त्याच्या हातावर सांडला. त्याने तो चाटला.

आता एका परक्या तरुणाशी मी आयुष्यात प्रथमच एकटी बोलत होते. (आत्या दाराआड होती, पण ते धरत नाहीत.) अशा वेळी काय विचारायचं असतं हे मला ठाऊक होतं.

"शेवटची लघवी कधी झाली?"

तो लाजला असावा. त्या रंगावर कळायला मार्ग नव्हता.

"सकाळी..."

"रंग?"

"सिन्योरिना, आपण एकमेकांची नावंसुद्धा—"

"गडद असेल तर दुसरा ग्लास घ्यावा लागेल."

त्याने रिकामा ग्लास पुढे केला. "दुसरा ग्लास द्या," तो म्हणाला.

त्याचं नाव तानेल. एस्टोनियाचा. धंद्याने भट्ट्या आणि शेकोट्या बांधणारा. एवढ्या उन्हात कशाला आलास म्हटल्यावर म्हणाला, "तिकीट फेब्रुवारीत काढलं. तेव्हा उणे बावीस होतं. उणे बावीसमध्ये माणूस काहीही विकत घेतो."

आमची भाषा तो एका नापोलीच्या पिझ्झावाल्याकडून शिकला होता. त्याची भट्टी बांधता बांधता. तो पिझ्झावाला गिऱ्हाइकाला, विटांना, पिठाला, सगळ्यांना 'सोन्या' म्हणायचा. त्यामुळे तानेलला वाटायचं की वाक्य तसंच संपतं.

आत्या कलिंगडाची फोड घेऊन आली, तर हा उठून वाकला आणि म्हणाला, "फार उपकार झाले, सोन्या."

आत्याला हे कोणी म्हटलं नव्हतं. आतोबांनी तर नाहीच, ते तिला 'ऐकतेस का' म्हणत आणि ती ऐकत नसे.

"वरची खोली रिकामी आहे," आत्या म्हणाली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्याने कोपऱ्यातला पंखा पाहिला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, कोणीतरी आत्याला लग्नात दिलेला. त्याने बटणाकडे हात नेला मात्र—

"नाही!" आत्या अशी ओरडली की चौकापलीकडच्या झडपा दाणदाण उघडल्या. "घामाच्या अंगावर वारा? मान धरायचीय का?"

तानेलने माझ्याकडे बघितलं.

"वारा लागला की मान धरते," मी समजावलं. "हे सगळ्यांना माहीत आहे."

"आमच्याकडे नाही माहीत."

"म्हणून तुमच्याकडे उणे बावीस असतं," आत्या म्हणाली.

मग तिने त्याला दंडक सांगितले. बाराला घरात, पाचनंतर बाहेर. टोपी अंघोळ सोडून सगळीकडे. तहान लागायच्या आधी पाणी. जेवल्यावर समुद्रात नाही. बर्फाचं पाणी घटाघटा नाही. उन्हात ठेवलेला मासा नाही, मग तो कितीही ओळखीच्या माणसाने दिलेला असो. आणि अंगात लोकरीची बंडी, कारण घाम गार पडला की संपलं.

"यातले बरेचसे बरोबर आहेत," तो हळूच मला म्हणाला. "कुठले ते मात्र सांगायला नको."

खोटं कशाला बोलू, मला तो तिथेच थोडासा आवडला.

*

त्याला जिवंत ठेवायचं काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी तो दारात उभा राहायचा आणि मी तपासायचे. टोपी आहे? पाणी आहे? मानेला मलम?

"मागे हात पोचत नाही..." तो म्हणायचा. छतापर्यंत हात पोचणारा माणूस.

"वळा."

तो वळायचा. मी बोटावर मलम घेऊन त्याच्या मानेवरून फिरवायचे... आणि आत्या आतून खोकायची.

"तुमच्या मानेला रंग चढतोय," मी म्हणायचे.

"उन्हाने नाही," तो म्हणायचा.

संध्याकाळी मी चर्च दाखवायचे. हेच माझं काम. बाबांचे गुडघे गेल्यापासून सान काल्पुर्नियोच्या चर्चच्या किल्ल्या तात्पुरत्या माझ्याकडे होत्या. तात्पुरत्या, कारण त्या आजवर कधी बाईला दिल्या नव्हत्या. सणाच्या समितीचे प्रमुख जेझुआल्दोकाका म्हणाले होते, "यंदाचा सण काही वेडंवाकडं न होता पार पाड. मग कायमच्या तुझ्या. नाही तर..." नाही तर जर्मनी. तिथे माझ्या मामाचं आइस्क्रीमचं दुकान आहे. त्याला कागदी टोपी घालून उभी राहणारी भाची हवी होती.

मला मात्र त्या किल्ल्या हव्या होत्या. भल्या सकाळी ते मोठं दार मी उघडते, तेव्हा आतल्या मेणाचा वास बाहेर येतो आणि उजेड फरशीवरून चालत थेट संताच्या पायाशी जातो. ते रोज मलाच आधी दिसतं. कागदी टोपीखालून ते दिसलं नसतं.

"याची मान वाकडी का आहे?" तानेलने संताकडे बघत विचारलं.

आमचा संत लाकडी आहे, आणि त्याची मान डाव्या खांद्याकडे कललेली. गळ्यात लोकरीचा मफलर, ऑगस्टमध्येही.

"वारा," मी म्हटलं. "आजोबांच्या आजोबांच्या वेळी सणाच्या दिवशी कोणीतरी पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं एकदम उघडली. आरपार वारा सुटला. सकाळी बघतात तर मान अशी."

"लाकूड वाळलं की—"

"सुताराला कोणी विचारलं नाही. तेव्हापासून पुढचं दार उघडं असेल तर मागचं बंद. कारण एकदा आरपार सुटलेला वारा कोणाची तरी मान घेतल्याशिवाय गावाबाहेर जात नाही."

तो छताकडे, भिंतींकडे, मागच्या बंद दाराकडे बघत राहिला. भट्टीकडे बघावं तसं.

"फार सुंदर भट्टी आहे," तो म्हणाला. "फक्त धुराड्याला कुलूप आहे. सणाला किती माणसं असतात आत?"

"सगळी."

"आणि गरगरत नाही कोणाला?"

"गरगरतं ना! गेल्या वर्षी सात जण पडले. चांगलं वर्ष होतं. जो पहिला पडतो त्याला संताचा पहिला पाव मिळतो."

"बेशुद्ध पडायचं बक्षीस?"

"बक्षीस नाही, प्रसाद."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "फिफी, तू पडू नकोस."

सिन्योरिनाची फिफी कधी झाले, मला कळलंच नाही. बोलायचं होतं पुष्कळ, पण मी एवढंच म्हटलं, "टोपी घाल."

*

सणाच्या दिवशी अकरा वाजता मिस्सा, म्हणजे सणाची मोठी प्रार्थना, सुरू झाली. बाहेर कावळेसुद्धा पायी चालत होते. आत सगळं गाव, त्यात मेणबत्त्या, त्यात पाहुणे, आणि सगळ्यांच्या अंगात बंड्या. मी मागच्या बंद दाराशी किल्ल्या घेऊन उभी होते. मिस्सा संपली की वेदीसमोर जेझुआल्दोकाका त्या माझ्या हातात देणार होते. म्हणजे माझ्याच हातातून घेऊन माझ्याच हातात.

पहिला बेकरीवाला पडला. लोक कौतुकाने कुजबुजले. तो गेली तीन वर्षं प्रयत्न करत होता.

मग आत्या उभी राहिली.

तिने गाताना मध्येच थांबून जेझुआल्दोकाकांकडे बोट दाखवलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "जेझुआल्दो, तुझे कान किती सुंदर आहेत रे."

सगळ्या माना तिकडे वळल्या. जेझुआल्दोकाकांचे कान सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

आणि ती कोसळली.

मी पोचले तेव्हा तानेल तिच्याशेजारी गुडघ्यांवर होता. "हे तुमचं नेहमीचं पडणं नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकला. "हात लाव. अंग तापलंय आणि घाम नाही. असंबद्ध बोलतेय. तिला आत्ता गार करायला हवं. पुढच्या दारापर्यंत नेईपर्यंत उशीर होईल, एवढ्या गर्दीतून..."

आम्ही दोघांनी एकदमच मागच्या दाराकडे पाहिलं. ते चार पावलांवर होतं.

"फिफी," जेझुआल्दोकाका वेदीपासून म्हणाले. त्यांना माझे डोळे दिसले होते. "फिफी, विचार कर पोरी."

तानेलने हात पुढे केला. "किल्ली मला दे. मी मंगळवारी जाणार आहे. मला काय करतील?"

मी त्याच्या हाताकडे बघितलं. मग आत्याकडे. ती हसत होती, कोणाकडेच बघत नव्हती.

"किल्ल्या माझ्या आहेत," मी म्हटलं. आणि दार उघडलं.

आधी काहीच झालं नाही. मग चर्चने श्वास घेतला.

पुढच्या दारातून वारा आत आला आणि मागच्या दाराने धावत सुटला. सगळ्या मेणबत्त्या एका फुंकरीत गेल्या. फादरचं प्रवचन पानापानाने उडालं, ते लांब होतं. संताचा मफलर सुटून माणसांवरून तरंगत गेला. आणि सगळ्या गावाने, लहानथोर, पाद्री, बँडवाले, एकाच वेळी दोन्ही हातांनी आपापली मान गच्च धरली.

तेवढ्या वेळात आम्ही आत्याला मागच्या सावलीत आणलं. बायकांनी कडं केलं. आतून बंडी निघाली. मग आणखी एक बंडी निघाली. वेदीवरची कापडं भिजवून मानेला, काखेत ठेवली, तानेल उडालेल्या प्रवचनाने वारा घालत राहिला. रुग्णवाहिका घाट चढून येईपर्यंत आत्याने डोळे उघडले होते.

"वारा कोण घालतंय?" ती म्हणाली. "मान धरेल."

मी तिच्या पोटावर डोकं ठेवून रडले. डॉक्टर म्हणाले, लगेच गार केलं म्हणून वाचली. रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी सोडलं.

आणि त्याच सकाळी समिती बसली.

*

आधी संताची मान पाहिली. होती तशीच, डावीकडे. मग सगळं गाव रांगेने आलं आणि जेझुआल्दोकाकांसमोर एकेकाने मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली. फादरनेसुद्धा. बेकरीवाल्याने दोनदा. सगळ्यांच्या माना उत्तम.

यामुळे गावाचे चेहरे पडले.

"म्हणजे वारा अजून गावातच आहे," जेझुआल्दोकाका म्हणाले. आज ते कान आत्याच्या बाजूला करून बसले होते. "त्याने कोणाची मान घेतली नाही. आता वर्षभर कोणी शांत झोपणार नाही. नुन्त्सियाता वाचली, देवाची कृपा. पण दार किल्लीवाल्याने उघडलं. फिफी... तुझा मामा बरा आहे ना जर्मनीत?"

मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. किल्ल्यांचा आवाज जरा मोठाच झाला. आत्या उठून काहीतरी म्हणणार एवढ्यात मोठ्या दारात सावली पडली.

तानेल होता. डोक्यावर टोपी, हातात पाणी, मानेला मलम. आणि मान डाव्या खांद्यावर पडलेली, हुबेहूब सान काल्पुर्नियोसारखी.

कोणीतरी क्रुसाची खूण केली.

"नमस्कार," तो खांबाला म्हणाला, कारण त्याचं तोंड तिकडे होतं. "सकाळी उठलो तर अशी."

जेझुआल्दोकाका सावकाश त्याच्याजवळ गेले. "उजवीकडे बघ."

तानेलने प्रयत्न केला. चेहरा पिळवटला. "जमत नाही... सोन्या."

मागे बायका रडायला लागल्या, आनंदाने. वाऱ्याने मान घेतली होती! परक्याची घेतली होती! गाव सुटलं होतं! बेकरीवाला धावत जाऊन आदल्या दिवशीचा पहिला पाव घेऊन आला आणि त्याने तो तानेलच्या हातात ठेवला. बँडवाल्यांपैकी जे जागे होते ते वाजवायला लागले. जेझुआल्दोकाकांनी किल्ल्या उचलल्या, माझ्या ओंजळीत ठेवल्या आणि वरून माझी मूठ मिटली.

"कायमच्या," ते म्हणाले.

मी तानेलकडे पाहिलं. त्याला माझ्याकडे बघता येत नव्हतं. मी त्याच्या उजवीकडे होते.

आत्याने त्याच्या गळ्यात लगेच संताचा उडालेला मफलर बांधला. "या मानेने विमानात बसायचं नाही," तिने जाहीर केलं. "तिथे डोक्यावरून गार वारा सोडतात. मान सुटेपर्यंत इथेच राहायचं."

"किती दिवस लागतात?" त्याने विचारलं.

"संताची अजून सुटलेली नाही," आत्या म्हणाली.

*

पाचनंतर मी लिंबू, सोडा आणि मीठ घेऊन वर गेले. तो गच्चीत बसला होता, खाली चौकातलं कारंजं सावलीत आलेलं. मी ग्लासात मीठ टाकलं. सोडा फसफसला. सांडू नये म्हणून त्याने ग्लास झटकन घेतला, मान मागे टाकून गटागटा प्यायला, तोंड पुसलं...

आणि मान पुन्हा कलती केली. उजवीकडे.

तो दोन्ही बाजूंच्या छपरांवरच्या धुराड्यांकडे बघून विटा वगैरेबद्दल काहीतरी बोलत राहिला.

"तानेल."

"हं?"

"डावीकडे."

तो थांबला. मग मान हळूच उजवीकडून उठली, मध्ये थोडी घुटमळली आणि डावीकडे गेली.

"संतासमोर खोटं बोललास," मी म्हटलं.

"त्याच्यासमोर नाही. तो माझ्या उजवीकडे होता, मला बघता येत नव्हतं."

"का केलंस?"

त्याने रिकामा ग्लास कलता करून पाहिला. तळाशी लिंबाची एक बी होती.

"तू जर्मनीला गेली असतीस," तो म्हणाला, "तर येत्या फेब्रुवारीत... मी कुठलं तिकीट काढायचं?"

खाली कोणीतरी झडप उघडली. चौकात पहिली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि या दोन्हींवर आत्याचा एकही दंडक नाही.

"परतीचं काढू नकोस," मी म्हटलं.

"पण मग जन्मभर वाकडं राहावं लागेल..."

"दुखतं का?"

"दुखत नाही. टेकायला काही नाही, एवढंच."

हे मात्र खरं होतं. मान डावीकडे पडलेली असली की डाव्या बाजूला काहीतरी लागतंच. मी उठले, त्याच्या मागून गेले आणि डावीकडे जाऊन बसले. त्याच्या कानाला अजून मलमाचा वास होता. गच्चीचं दार उघडं होतं, जिन्याचं दार उघडं होतं, आणि त्या दोन्हींमधून वारा आरपार चालला होता... छान होता, समुद्राकडचा.

"फिफी!" खालून आत्या ओरडली. "दोन्ही दारं उघडी आहेत का गं?"

"नाही, आत्या!"

"बरं! आणि त्या पोराला सांग, मान डावीकडे! दुपारपासून दोनदा बाजू बदललीय त्याने, जेझुआल्दो येतोय माझी विचारपूस करायला!"

सांगायची गरज नव्हती. ती डावीकडेच होती. माझ्या खांद्यावर.